मुलींची संख्या वाढली, समानता वाढली का?



यंदाच्या वार्षिक अहवालाची तयारी चालू असताना एक आनंदाची गोष्ट आमच्या लक्षात आली. गेली काही वर्षे आपल्या शाळेत मुलींची संख्या सतत वाढत आहे आणि वरच्या वर्गांत तर मुली मुलांपेक्षा अधिक झाल्या आहेत. आम्ही लगेच अहवालात वाक्य लिहिले की स्त्रीशिक्षणात आपली शाळा आघाडीवर आहे. बैठकीत ते वाचून दाखविले तेव्हा टाळ्याही पडल्या.

बैठक संपल्यावर आमच्या एक ज्येष्ठ शिक्षिका कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "सर, एकदा चौकशी करा. या मुलींचे भाऊ कुठे शिकतात?"

आम्ही वर्गशिक्षकांकडून माहिती घेतली. पुष्कळ घरांत चित्र एकसारखेच निघाले. मुलगा दूरच्या, मोठ्या फीच्या इंग्रजी शाळेत. त्याला बस, त्याला ट्यूशन. मुलगी आपल्याकडे, कारण फी कमी, शाळा घराजवळ, आणि "मुलीला काय, उद्या सासरीच जायचंय". आपली शाळा कमी प्रतीची आहे असे आम्ही मुळीच मानत नाही. ज्यांनी विचार करून मुलगा-मुलगी दोघांनाही येथे घातले त्यांचे आम्ही ऋणी आहोत. परंतु एकाच घरात दोन मुलांसाठी दोन हिशेब असतील, तर त्या वाढलेल्या संख्येवर टाळ्या कशा घ्यायच्या? ते वाक्य आम्ही अहवालातून काढून टाकले. त्याच्या जागी काय लिहावे याचा विचार करता करता हा लेख तयार झाला.

आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी आम्ही घरात आणि शाळेतच शिकलो, म्हणून भाषेत उणेअधिक असेल तर सांभाळून घ्यावे. विषय मात्र सांभाळून घेण्याचा नाही.

समानता म्हणजे काय नव्हे

स्त्री-पुरुष समानता हा शब्द भाषणांत इतक्या वेळा येतो की त्याचा अर्थ विचारायला संकोच वाटतो. म्हणून आधी काही गैरसमज दूर करू.

पहिला गैरसमज असा की समानता म्हणजे स्त्री आणि पुरुष अगदी सारखे. निसर्गाने शरीरात भेद ठेवला आहे, तो कोणी नाकारत नाही. समानता सांगते ती एवढेच की या भेदावरून कोणाची किंमत, संधी किंवा स्वातंत्र्य कमी-जास्त ठरू नये. दोन भावांची उंची आणि आवड वेगळी असते, म्हणून आपण एकाला पोटभर आणि दुसऱ्याला अर्धपोटी जेवू घालत नाही.

दुसरा गैरसमज असा की मुलींना काही दिले म्हणजे मुलांवर अन्याय झाला. आठवीच्या एका विद्यार्थ्याने आम्हांला वर्गात स्पष्ट विचारले, "सर, मुलींसाठी सरकारच्या वेगळ्या योजना आहेत. मग समानता कुठे राहिली?" प्रश्न प्रामाणिक होता. आपल्या संविधानाचे कलम १४ कायद्यापुढे सर्वांना समान मानते आणि कलम १५ लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करते. पण त्याच कलम १५ चे तिसरे उपकलम स्त्रिया व मुलांसाठी विशेष तरतूद करण्याची परवानगी राज्याला देते. हा विरोध नव्हे. ज्या विद्यार्थ्याला फळा नीट दिसत नाही त्याला आपण पहिल्या बाकावर बसवितो. त्यात इतरांवर अन्याय होत नाही, कारण फळा सर्वांना दिसावा हाच उद्देश असतो. ज्या दिवशी सर्वांना सारखे दिसू लागेल त्या दिवशी राखीव बाकाची गरज उरणार नाही.

तिसरा गैरसमज आपल्या इंदूरकरांचा खास आहे. समानतेचा विषय निघाला की आपण अहिल्यादेवींचे नाव घेऊन मोकळे होतो. अभिमान योग्यच आहे. सासरे मल्हारराव यांनी त्यांना राज्यकारभारात तयार केले आणि पती, सासरे व पुत्र गेल्यावर १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वराहून राज्य चालविले. २०२५ मध्ये आपण त्यांची त्रिशताब्दी साजरी केली. परंतु अहिल्यादेवी राज्य करीत होत्या तेव्हाही सामान्य घरातील मुलीला पाटी-पेन्सिल मिळत नव्हती. मुलींसाठी पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांनी शाळा काढली ती १८४८ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकानंतर, आणि त्यासाठी त्यांना शेणमातीचा मारा सोसावा लागला. एक असामान्य स्त्री सिंहासनावर बसली म्हणजे समानता आली असे होत नाही. असामान्य स्त्री वाट काढतेच. समानतेची परीक्षा सामान्य मुलीच्या वाट्याला काय आले यावर होते.

मग ती मोजायची कशी?

आम्हांला असे वाटते की कोणत्याही घरात तीन गोष्टी पाहाव्यात: खर्च, वेळ आणि निर्णय.

खर्चाचे उदाहरण वर आलेच आहे. शाळेची फी हा त्याचा एक भाग, वारसा हा दुसरा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत हिस्सा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः हक्क मुलालाच राहिला. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलीलाही तो हक्क जन्मापासून दिला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही. कायद्याने आपले काम केले. घरात काय होते? बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून ती सही करते. भाऊबीजेला ओवाळणीत साडी मिळते. स्वखुशीने हक्क सोडणे हा तिचा अधिकार आहेच. पण भावाने स्वखुशीने हक्क सोडल्याचे आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

दुसरी गोष्ट वेळ. हिच्यावर थोडे अधिक लिहितो, कारण ही कोणाच्या लक्षातच येत नाही.

नववीतील एक हुशार विद्यार्थिनी सलग चार दिवस गैरहजर होती. तिच्या आईला बोलाविले. त्या म्हणाल्या, "सर, आजींना ताप होता. माझी नोकरी, घरी कोणीतरी हवं ना." आम्ही विचारले, "हिचा भाऊ अकरावीत आहे ना?" त्या म्हणाल्या, "हो, पण त्याचं कोचिंग बुडतं." त्या माऊलीच्या मनात मुलीविषयी काडीइतकाही दुजाभाव नव्हता. मुलीचा वेळ हा घराचा वेळ आणि मुलाचा वेळ हा त्याचा स्वतःचा, असे तिनेही लहानपणापासून पाहिलेले होते. पुढे आम्ही हजेरीपटाची पाने उलटली. घरात आजारपण, लग्नकार्य, पाहुणे असे कारण लिहिलेल्या जवळजवळ सर्व रजा मुलींच्या होत्या.

हा केवळ आपल्या शाळेचा अनुभव नाही. लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवितात याची पाहणी भारत सरकारने २०१९ मध्ये देशभर केली आणि २०२४ मध्ये पुन्हा केली. २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनामोबदला घरकामावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात असे आढळले. ही सरासरी फक्त घरकामात भाग घेणाऱ्यांची आहे हे लक्षात ठेवावे. २०१९ मध्ये शंभरातील सुमारे ८१ स्त्रिया अशा होत्या आणि पुरुष सुमारे २६. बाकीच्या पुरुषांनी त्या दिवशी घरच्या कामाला हात लावलेलाच नव्हता.

विद्यार्थी मित्रहो, गणित करून पाहा. २८९ वजा ८८ म्हणजे २०१ मिनिटे, रोजचे तीन तास एकवीस मिनिटे. वर्षाचे झाले सुमारे बाराशे तास, म्हणजे रात्रंदिवस धरून पन्नास दिवस. हे पन्नास दिवस आपल्या आईच्या, ताईच्या किंवा मावशीच्या आयुष्यातून दरवर्षी वजा होतात. त्यात अभ्यास झाला असता, नोकरीतील बढतीची परीक्षा झाली असती, किंवा नुसती झोप झाली असती.

येथे एक कबुली द्यायला हवी. ही आकडेवारी आम्ही घरी मोठ्या उत्साहाने वाचून दाखविली. आमच्या सौभाग्यवती नोकरी करून घर सांभाळतात. त्यांनी शांतपणे विचारले, "आणि तुमची किती मिनिटं?" आम्ही हिशेब केला. सकाळी दूध आणणे, रविवारी भाजी आणणे. ८८ तर दूरच, वीसच्या वर आकडा गेला नाही. इतकी वर्षे शाळेत समानतेचा पाठ शिकविणाऱ्या माणसाची ही गत.

तिसरी गोष्ट निर्णय. दहावीनंतर कोणता विषय घ्यायचा, किती शिकायचे, लग्न कधी आणि कोणाशी करायचे, पगार कोणाच्या खात्यात ठेवायचा, हे कोण ठरविते? १९९३ पासून पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखीव झाल्या आणि आपल्या मध्य प्रदेशात तर निम्म्या. त्यातून हजारो स्त्रिया पुढे आल्या, पण आपल्याकडे 'सरपंचपती' हा शब्दही त्यातूनच आला. खुर्ची तिची, सही तिची, बोलणार तो. म्हणजे खुर्ची मिळाली तरी निर्णय मिळेलच असे नाही. उलट निर्णय खरोखर हाती आला तर काय होते हेही इंदूरने पाहिले आहे. चिपळूणला जन्मलेल्या आणि सून म्हणून येथे आलेल्या सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा येथून लोकसभेत गेल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. पक्ष कोणाला कोणता आवडो, पण त्या सभागृहात कोणी बोलायचे आणि कोणी बसायचे हे पाच वर्षे एक इंदूरकर मराठी स्त्री सांगत होती. तरीही २०२४ च्या निवडणुकीत लोकसभेच्या ५४३ जागांवर फक्त ७४ स्त्रिया निवडून आल्या.

हे शक्य आहे का?

पालक सभेत हा विषय काढला की कोणी ना कोणी म्हणतेच, "सर, हे सगळं पुस्तकात ठीक आहे. हजारो वर्षांची रीत एकदम कशी बदलेल?" त्यांच्यासाठी आपल्याच भागातील एक गोष्ट सांगतो.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. स्वित्झर्लंडसारख्या प्रगत देशात स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देता येऊ लागले ते १९७१ मध्ये. आपण तो हक्क पहिल्याच दिवशी दिला. परंतु मतदार यादी करायला कर्मचारी घरोघरी गेले तेव्हा अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. परक्या पुरुषाला नाव सांगायचे नाही अशी रीत होती. त्यांची नोंद अमक्याची आई, तमक्याची बायको अशी झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली की मतदाराला स्वतःचे नाव पाहिजे. परिणामी देशातील सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत येथील स्त्रिया फार होत्या. मध्य भारत म्हणजे आपलेच जुने राज्य, ज्यात इंदूर आणि ग्वाल्हेर दोन्ही होते. आपल्यापैकी कोणाची पणजी त्या २८ लाखांत असू शकेल.

तेव्हाही पुष्कळांना वाटले असेल की रीत आहे, बदलणार नाही. पण नियम ढिला केला नाही आणि लोकांना समजावले गेले. १९५७ च्या दुसऱ्या निवडणुकीपर्यंत चित्र बरेच सुधारले. आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांचे मतदान ६५.७८ टक्के झाले, पुरुषांचे ६५.५५ टक्के. ज्या पणजीने नाव सांगितले नाही तिची पणती मतदानात पुढे गेली. मतदानाच्या रांगेपुरती समानता आपण मिळवून दाखविली आहे, आणि ती तीन पिढ्यांत.

परंतु काळ पुढे गेला की समानता आपोआप येते असेही समजू नये. ० ते ६ वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९६१ च्या जनगणनेत ९७६ होती, २०११ मध्ये ती ९१९ वर आली. या पन्नास वर्षांत देश शिकला, दवाखाने वाढले, उत्पन्न वाढले. त्याच दवाखान्यांतील यंत्राचा उपयोग मुलगी नको म्हणण्यासाठीही झाला आणि १९९४ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. म्हणजे शिक्षण आणि पैसा यांच्याबरोबर मनही बदलावे लागते.

जगात कोणी येथे पोहोचले आहे काय? सर्वांत जवळ आइसलँड मानला जातो. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तेथील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी एक दिवस सर्व काम बंद ठेवले, नोकरीचेही आणि घरचेही. शाळा, कारखाने अडले. वडील मुलांना घेऊन कचेरीत आले. पुढच्याच वर्षी तेथे समानतेचा कायदा झाला आणि १९८० मध्ये व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर या लोकांनी निवडलेल्या जगातील पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात १४८ देशांत आइसलँड पहिला आहे आणि भारत १३१ वा. तरीही आइसलँडचे गुण शंभरात ९२.६ आहेत, आणि २०२३ मध्ये तेथील स्त्रियांना वेतनातील अंतर आणि हिंसा यांविरुद्ध पुन्हा तसाच संप करावा लागला. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचेही काही गुण जातात, म्हणून आपण परीक्षा अशक्य आहे असे म्हणत नाही.

आपल्याकडेही पावले पडत आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने स्त्री व पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले. वार्षिक करारांच्या रकमांत अंतर राहिले, पण सुरुवात झाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. त्या संघातील क्रांती गौड ही आपल्या मध्य प्रदेशातील छतरपूर जिल्ह्याच्या एका छोट्या गावातून आलेली. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात भाजी निवडण्यासारख्या घरकामात पुरुषाचे चित्र आले. काहींनी त्याची थट्टा केली, पण सात वर्षांच्या मुलाने ते चित्र पाहिले आणि त्याला त्यात काही वावगे वाटले नाही, हे थट्टेपेक्षा मोठे आहे.

मुलांसाठी दोन शब्द

आमच्या मुलग्यांना वाटू नये की हा लेख त्यांच्याविरुद्ध आहे. असमानतेचे ओझे त्यांच्याही पाठीवर आहे. मोठ्या फीची शाळा मिळते तेव्हा तिच्याबरोबर अपेक्षाही येते: कमावलेच पाहिजे, नापास होता कामा नये, रडता कामा नये. आमच्याकडे एक विद्यार्थी चित्रकलेत उत्तम होता, त्याला घरून उत्तर मिळाले, "हे मुलींचं काम." जिथे मुलीला नाही म्हणतात तिथे मुलालाही मोकळेपणाने होय म्हणता येत नाही. आणि ज्याला स्वतःपुरते पोहे करता येत नाहीत तो मुलगा शिकायला पुण्याला किंवा बंगलोरला गेला की खानावळीवर अवलंबून राहतो. स्वयंपाक ही स्त्रीची सेवा नसून प्रत्येक माणसाची गरज आहे.

आपण काय करायचे?

शाळेपासून सुरुवात करतो. आजवर स्नेहसंमेलनात रांगोळी, आरती आणि पाहुण्यांना पाणी देणे मुलींकडे. मंच, माईक आणि सूत्रसंचालन मुलांकडे, असे आपोआप होत आले. आपोआप होत आले म्हणजे आमच्या देखरेखीखालीच होत आले. यंदापासून कामाच्या चिठ्ठ्या टाकून वाटप होईल. घरच्या कामासाठी सलग तीन दिवस रजा घेणाऱ्या विद्यार्थिनीच्या पालकांशी वर्गशिक्षक बोलतील. दोषी ठरविण्यासाठी नव्हे, ती रजा भावंडांत वाटून घेता येईल का एवढे विचारण्यासाठी.

विश्वस्तांना आमची नम्र विनंती आहे की एकाच घरातील भाऊ-बहीण दोघेही येथे शिकत असतील तर फीत काही सवलत देता येईल का, यावर पुढील बैठकीत विचार व्हावा. त्याचबरोबर शाळेचा दर्जा असा वाढवावा की मुलासाठी दुसरी शाळा शोधावी असे कोणाला वाटूच नये. ती जबाबदारी आमचीही आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम. एक आठवडा वहीत तक्ता करा: घरातील प्रत्येक व्यक्ती रोज किती मिनिटे घरकाम करते. स्वतःचाही रकाना ठेवा. कोणाशी भांडू नका, फक्त लिहा. पुढील पालक सभेत ज्यांची इच्छा असेल त्यांनी तक्ते आणावेत. आमचा तक्ताही सूचना फलकावर लागेल. गेल्या महिन्यापासून संध्याकाळची भांडी आणि सकाळचा चहा आमच्याकडे आहे. आकडा सत्तेचाळीसवर गेला आहे, अजून बरेच बाकी आहे.

आणि पालकांना एकच प्रश्न, उत्तर आम्हांला नको, घरी द्यावे. तुमच्या मुलाचे आणि मुलीचे नाव झाकून दोघांवरचा खर्च, दोघांचा मोकळा वेळ आणि दोघांना दिलेले निर्णय एका कागदावर लिहिले, तर कोणता रकाना मुलाचा आणि कोणता मुलीचा हे परक्या माणसाला ओळखता येईल काय? ज्या दिवशी ओळखता येणार नाही, त्या दिवशी अहवालातून काढलेले ते वाक्य आम्ही आनंदाने परत लिहू.

आपला,
मुख्याध्यापक